प्रकार, काम आणि तातडी: एका रुग्णालयातल्या नेटवर्क उपकरणांची फेरवर्गवारी

एका रुग्णालयाचं नेटवर्क. मुख्य इमारत, शस्त्रक्रियागृहांची जोडइमारत, बाह्यरुग्ण विभाग आणि कर्मचारी निवास असं सगळं मिळून चारशेच्या आसपास उपकरणं. मॉनिटरिंग नव्हतं असं नाही. झॅबिक्स हे उपकरणांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू होतं, आलेख निघत होते, फोनवर अलर्ट येत होते. तरीही जोडइमारतीतला एक रॅक बंद पडला तेव्हा ड्यूटीवरचा तंत्रज्ञ बराच वेळ भलत्याच मजल्यावर दोष शोधत होता.

झालं असं. रॅकला वीज देणारा एमसीबी, म्हणजे विजेचा सुरक्षा-खटका, पडला आणि यूपीएस बॅटरीवर गेला. बॅटऱ्या जुन्या, त्यामुळे थोड्या वेळात यूपीएसही बसला आणि त्याच्याबरोबर त्या इमारतीचा डिस्ट्रिब्यूशन स्विच, म्हणजे बाकीच्या स्विचना मुख्य नेटवर्कशी जोडणारा, गेला. त्याच्या मागचे अॅक्सेस स्विच (संगणक, फोन यांना पोर्ट पुरवणारे), अॅक्सेस पॉइंट, आयपी फोन, कॅमेरे एकाच वेळी दिसेनासे झाले. अलर्टची रांग लागली आणि जवळजवळ प्रत्येक ओळीवर तेच, ‘प्रतिसाद नाही, तातडी: उच्च’. यादीत सगळ्यात आधी नाव आलं तिसऱ्या मजल्यावरच्या एका कॅमेऱ्याचं. कारण एवढंच की पोलिंगच्या, म्हणजे उपकरणांना आळीपाळीने विचारण्याच्या, फेरीत त्याचा नंबर आधी लागला. तंत्रज्ञ साहजिकच तिसऱ्या मजल्यावर गेला.

याच रांगेत तळाशी एक फिकट ओळ होती, ‘माहितीसाठी’ या दर्जाची. ती प्रयोगशाळेतल्या आठ पोर्टच्या एका छोट्या स्विचची होती. रक्ततपासणीची यंत्रं त्याच्यावरून निकाल पाठवतात. ती ओळ कोणी वाचलीच नाही. शेवटी प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा कळलं. आणि यूपीएसचं काय? त्याच्या नेटवर्क कार्डाला बॅटरीवर गेल्याचं पहिल्या क्षणापासून माहीत होतं. पण त्याला फक्त पिंग केलं जात होतं, म्हणजे ‘आहेस का’ एवढंच विचारलं जात होतं, आणि पिंगला तो शेवटपर्यंत इमानेइतबारे उत्तर देत होता.

उपकरणांचे गट कसे पडले होते ते पाहिलं तर यात नवल काही उरत नाही. यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराने आयपीचे पट्टे स्कॅन करायला लावले होते आणि जे सापडेल ते पाच गटांत टाकायचा नियम केला होता: राउटर, स्विच, फायरवॉल, सर्व्हर, इतर. गटावरून टेम्पलेट, म्हणजे काय मोजायचं याचा साचा, ठरायचं आणि टेम्पलेटमधून अलर्टची तातडी. म्हणजे ‘हे काय आहे’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर ‘काय मोजायचं’, ‘कुठे लक्ष ठेवायचं’ आणि ‘कोणाला उठवायचं’ हे तिन्ही निर्णय टांगलेले होते. सगळ्यात फुगलेला गट अर्थातच ‘इतर’. यूपीएस तिथे, प्रयोगशाळेचा स्विच तिथे, छपाईयंत्रंही तिथेच.

आम्ही काम हाती घेतलं तेव्हा पहिलं ठरवलं ते हे की हे तीन प्रश्न वेगळे करायचे. प्रत्येक उपकरणाला तीन लेबलं: प्रकार, काम, तातडी. झॅबिक्समध्ये एक होस्ट (नोंदवलेलं उपकरण) अनेक गटांत राहू शकतो आणि त्याला टॅगही लावता येतात, त्यामुळे साधनाची अडचण नव्हती. ओपनएनएमएससारख्या साधनात तर सुरुवातीलाच एका बाजूला राउटर, स्विच, सर्व्हर आणि दुसऱ्या बाजूला प्रॉडक्शन, टेस्ट, डेव्हलपमेंट असा आडवा-उभा तक्ता मिळतो. एका अक्षावर भागत नाही हे या क्षेत्रात जुनंच शहाणपण आहे. पण घाईत बसवलेल्या यंत्रणेत ते पहिल्या दिवशीच गळतं आणि मग वर्षानुवर्षं कोणी त्या वाटेला जात नाही.

आधी प्रकार. हा तिन्हींत सोपा, कारण बरंचसं उपकरण स्वतःच सांगतं. एसएनएमपीत, म्हणजे उपकरणांकडून माहिती विचारून घेण्याच्या प्रमाणित पद्धतीत, सिसऑब्जेक्टआयडी नावाचं एक मूल्य असतं, १.३.६.१.२.१.१.२. त्यात बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलला दिलेला ओळख-आकडा मिळतो. १.३.६.१.४.१ च्या पुढे ९ आला की सिस्को, २६३६ आला की ज्युनिपर, १४९८८ आला की मिक्रोटिक, ३१८ आला की एपीसी. त्यापुढचे आकडे बहुतेक वेळा मॉडेलपर्यंत पोचवतात. लिब्रेएनएमएससारखी साधनं उपकरण ओळखताना मुख्यतः हे मूल्य आणि सिसडिस्क्रिप्शनमधला मजकूर यांवरच चालतात.

जिथे ते चालत नाही तिथली गंमत वेगळी. ‘लिनक्स सर्व्हर’ गटात एक होस्ट होता, त्याची डिस्क आणि मेमरी नियमाने मोजली जात होती. सिसऑब्जेक्टआयडी १.३.६.१.४.१.८०७२.३.२.१०. हा नेट-एसएनएमपी या मोफत एजंटचा (उपकरणात बसून एसएनएमपीला उत्तर देणारा प्रोग्रॅम) लिनक्सवरचा आकडा. लिनक्सवर उभं असलेलं आणि एजंट जसाच्या तसा ठेवलेलं कुठलंही उपकरण हेच सांगतं. प्रत्यक्षात तो होता बाह्यरुग्ण विभागाचा फायरवॉल. त्याची सेशनसंख्या आणि टनेलची स्थिती कोणीच पाहत नव्हतं, पण डिस्क ८० टक्के भरली की मेल मात्र यायचा. असे आकडे आम्ही ‘संशयित’ यादीत टाकले. ते दिसले की तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही, उपकरणाकडे आणखी कुठले तक्ते आहेत ते चाचपायचं. १.३.६.१.२.१.४३ ला उत्तर आलं तर छपाईयंत्र, ३३ ला आलं तर यूपीएस, १७ ला आलं तर ब्रिजिंग करणारं, म्हणजे स्विचसारखं, काहीतरी. फायरवॉलसाठी मात्र असा सर्वमान्य तक्ता नाही. तिथे कंपनीचाच तक्ता शोधावा लागतो किंवा माणसाला विचारावं लागतं.

सिससर्व्हिसेस हे मूल्यही मोहात पाडतं. कल्पना छान आहे: उपकरण नेटवर्कच्या सात थरांपैकी कुठल्या थरांवर काम करतं ते सांगायचं, दुसऱ्या थरासाठी २, तिसऱ्यासाठी ४, चौथ्यासाठी ८, सातव्यासाठी ६४, आणि उपकरण जे जे करतं त्यांची बेरीज. निव्वळ स्विच २, निव्वळ राउटर ४, साधा होस्ट ७२. पण काही राउटर ७८ सांगतात, म्हणजे २, ४, ८ आणि ६४ सगळंच. तिसऱ्या थराचा स्विच ६ सांगतो, मग तो खरोखर राउटिंग करत असो वा नसो. हा आकडा साक्षीपुरता ठेवावा, न्यायाधीश करू नये.

प्रकार ठरवताना सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘एक उपकरण म्हणजे काय’ या प्रश्नाने. स्कॅनिंगमध्ये वेगळा आयपी म्हणजे वेगळा होस्ट असा नियम होता. त्यामुळे मुख्य राउटर आपल्या वेगवेगळ्या इंटरफेसच्या आयपींवर अनेकदा सापडला होता, आणि व्हीआरआरपीचा (एक राउटर पडला तर दुसऱ्याने जागा घेण्याची सोय) सामाईक आयपी आणखी एक ‘राउटर’ होऊन बसला होता. एक खोका पडला की चार राउटर पडल्याची बोंब. उलट टोकाला स्विचचे स्टॅक. चार स्विच एका स्टॅकमध्ये, सगळ्यांना मिळून एक आयपी. त्यातला तिसरा मेला तरी आयपी उत्तर देतोच, होस्ट हिरवा. अशा स्टॅकसाठी एंटिटी एमआयबी, म्हणजे उपकरणाच्या भौतिक भागांचा एसएनएमपी तक्ता, उघडावी लागते. तिथे प्रत्येक भौतिक भागाला वर्ग दिलेला असतो: ११ म्हणजे स्टॅक, त्याच्या पोटात ३ म्हणजे चॅसी (एकेका स्विचचा खोका), ६ वीजपुरवठा, ७ पंखा. आम्ही ‘स्टॅक’ हा वेगळा प्रकारच केला. त्याच्या टेम्पलेटमध्ये चॅसींची संख्या मोजली जाते आणि ती कमी झाली की अलर्ट येतो. हे लावल्यावर मुख्य इमारतीतल्या एका स्टॅकमध्ये नोंदीपेक्षा एक स्विच कमी निघाला. तो कधी गेला होता हे सांगायला इतिहासच नव्हता, कारण ती संख्या आधी कोणी मोजलीच नव्हती.

आता काम. इथे यंत्राची साक्ष अपुरी पडते. या रुग्णालयात एकाच मॉडेलचे चोवीस पोर्टचे स्विच दोन अगदी वेगळ्या ठिकाणी होते. एक जोडी सर्व्हर खोलीत सगळ्या इमारतींना जोडणारी, आणि बाकीचे मजल्यामजल्यांवर संगणकांना पोर्ट पुरवणारे. सिसऑब्जेक्टआयडी अक्षरशः सारखा. एकाच टेम्पलेटखाली असल्याने मजल्यावरचा कोणी संध्याकाळी संगणक बंद करून घरी गेला की ‘पोर्ट डाउन’चा अलर्ट, आणि इमारतींना जोडणारी फायबर तुटली तरी त्याच रंगाचा तसाच अलर्ट.

यावर एलएलडीपीने, म्हणजे शेजारच्या उपकरणांनी एकमेकांना ओळख देण्याच्या पद्धतीने, चांगली मदत केली. शेजारचं उपकरण आपली क्षमता दोन वेगळ्या रकान्यांत कळवतं: काय करू शकतं आणि त्यातलं काय चालू आहे. मजल्यावरचे स्विच म्हणत होते, राउटर होऊ शकतो पण तसं काही चालू नाही. सर्व्हर खोलीतल्या जोडीच्या दोन्ही रकान्यांत राउटर होतं. शेजाऱ्यांच्या यादीवरून अपलिंकही (इतर स्विच-राउटरकडे जाणारे दुवे) ओळखता येतात: ज्या पोर्टच्या पलीकडे ब्रिज किंवा राउटर, तो पोर्ट महत्त्वाचा, त्याच्यावर अलर्ट, बाकीच्यांची नुसती नोंद. यात एक मेख आहे. आयपी फोनच्या पोटात छोटा स्विच असतो, त्यामुळे तोही स्वतःला ब्रिज म्हणवतो. नियमात ‘पलीकडे टेलिफोन असेल तर सोडून दे’ ही अट नसेल तर टेबलावरचा प्रत्येक फोन अपलिंक ठरतो.

याच यादीने प्रयोगशाळेचा गुंता उलगडला. दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळच्या कपाटात एक स्विच होता, नावात ‘अॅक्सेस’, नोंदीतही अॅक्सेस. त्याच्या शेजाऱ्यांत मात्र तीन स्विच दिसत होते. कधीतरी पोर्ट कमी पडले असणार, मग एकाला एक जोडत गेले, आणि प्रयोगशाळेचा आठ पोर्टचा स्विच त्या साखळीच्या टोकाला. कागदावर अॅक्सेस असलेला तो डबा प्रत्यक्षात डिस्ट्रिब्यूशनचं काम करत होता. तेव्हापासून एक नियम ठेवला आहे: काम ‘अॅक्सेस’ लिहिलेलं आहे आणि मुख्य अपलिंक सोडून दुसरा एखादा स्विच शेजारी दिसतोय, तर ते उपकरण आठवड्याच्या तपासणी यादीत आपोआप येतं. ती यादी माणूस पाहतो आणि ठरवतो. काम हे लेबल यंत्राने परस्पर बदलू नये, असं माझं ठाम मत आहे. कोणीतरी केबल चुकीच्या ठिकाणी खोचली म्हणून उपकरणाला बढती मिळू नये.

नावांवर आणि सिसलोकेशनवर (उपकरणातच लिहून ठेवलेली जागा) किती विसंबायचं, यावर आमच्यात वाद झाला. नावात इमारत, मजला, काम असे संकेत घातले की वर्गवारी फुकटात होते, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं. तत्त्वतः खरं आहे. पण अतिदक्षता विभागातल्या एका स्विचचं नाव तो भांडारातला असल्याचं सांगत होतं. तो तिकडून इकडे आणला, नाव तेवढं राहिलं. शेवटी नेटबॉक्स या उपकरण-नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक उपकरणाची नोंद ठेवायची, काम आणि जागा तिथेच लिहायची, आणि झॅबिक्सने ती तिथून उचलायची असं ठरलं. नाव हे वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. नियम त्याच्यावर चालत नाहीत.

प्रकाराचा आणि कामाचा मेळ घालताना एक जुना प्रश्न अवचित सुटला. कर्मचारी निवासाकडे जाणाऱ्या गिगाबिट लिंकचा आलेख ११५ एमबीपीएसच्या वर कधीच जात नसे. तक्रारी तर रोजच्या, ‘रात्री नेट रडतं’. आलेख दाखवून उत्तर दिलं जायचं की लिंक रिकामीच आहे. तो स्विच एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीवर जोडलेला होता, आणि त्या आवृत्तीत ६४ बिटांचे काउंटर (वाहून गेलेले बाइट मोजणारे आकडे) नाहीतच. ३२ बिटांचा काउंटर सुमारे ४.२९ अब्ज बाइटना पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या गिगाबिट लिंकवर हे साधारण ३४ सेकंदांत घडतं. पोलिंग पाच मिनिटांनी. मधे काउंटर कितीही वेळा फिरला तरी दोन वाचनांतला फरक ४.२९ अब्ज बाइटच्या पुढे दिसू शकत नाही, आणि त्याला ३०० सेकंदांनी भागलं की येतात जेमतेम ११४.५ एमबीपीएस. आलेखाचं छत तिथे होतं, लिंकचं नव्हतं. जोडणी दुसऱ्या आवृत्तीवर नेऊन ६४ बिटांचे काउंटर घेतले तेव्हा संध्याकाळनंतर लिंक काठोकाठ भरलेली दिसली. म्हणून ‘काम: इमारत-जोड’ असं लेबल असेल तर ६४ बिटांचे काउंटर सक्तीचे, मिळत नसतील तर उपकरणच दोषांच्या यादीत.

तातडीचं लेबल लावताना तांत्रिक भाग संपतो आणि माणसं सुरू होतात. पहिल्या मसुद्यात तातडीचे सात स्तर सुचवले गेले होते. मग विभागांना विचारलं, आणि प्रत्येकाने आपापला विभाग सगळ्यात वरच्या स्तरावर टाकला. प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणाल्या, ‘आमचं सगळंच तातडीचं आहे, तुम्ही काय ते ठरवा.’ हिशोब विभागानेही शब्द सोडले तर तेच सांगितलं. ‘हे किती महत्त्वाचं?’ या प्रश्नाला दुसरं उत्तर येणारच नाही.

मग प्रश्न बदलला. रात्री दोन वाजता हे बंद पडलं तर कोण उठणार, आणि उठून काय करणार? याला ज्यांच्याकडे नाव आणि कृती दोन्ही होतं ते वरच्या स्तरावर. सकाळी आल्यावर पाहू, असं उत्तर आलं तर मधला. आणि ‘आम्हाला कळलं नाही तरी चालेल, महिन्याच्या अहवालात दिसू दे’ म्हणाले तर खालचा. तीनच स्तर उरले. हिशोब विभाग स्वतःहून मधल्या स्तरावर आला. प्रयोगशाळेचं उत्तर मात्र तयार होतं: रात्रपाळीचा तंत्रज्ञ निकाल हाताने लिहून वॉर्डात फोन करतो, पण त्यासाठी त्याला ताबडतोब कळायला हवं. आठ पोर्टचा, सगळ्यात स्वस्तातला तो स्विच थेट पहिल्या स्तरावर गेला, आणि त्याचा अलर्ट आता नेटवर्कच्या माणसाबरोबर प्रयोगशाळेच्या रात्रपाळीलाही जातो. उलट सर्व्हर खोलीतल्या मोक्याच्या जोडीतला एक स्विच गेला तर अलर्ट मधल्या स्तराचा, कारण दुसरा काम उचलतो आणि रात्री करण्यासारखं काही नसतं. दोन्ही गेले तरच पहिला स्तर. हे पचवायला व्यवस्थापनाला वेळ लागला. सगळ्यात मोक्याच्या खोक्यासाठी रात्री कोणी उठत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं.

या तिन्ही लेबलांच्या जोडीला ‘कोणाच्या मागे कोण’ ही नोंद लागते. नागिऑस या दुसऱ्या मॉनिटरिंग साधनात होस्टला पालक देता येतात. पालक बंद असेल तर मागच्यांना ‘बंद’ न म्हणता ‘पोचता येत नाही’ म्हटलं जातं, आणि एकाहून जास्त पालक असतील तर सगळे बंद झाल्यावरच. झॅबिक्समध्ये हे अवलंबन होस्टवर नसून ट्रिगरवर (अलर्ट उठवणाऱ्या अटीवर) असतं, त्यामुळे हाताने लावणं म्हणजे शिक्षाच. आम्ही एलएलडीपीच्या शेजाऱ्यांवरून एक छोटी स्क्रिप्ट लिहून ते भरलं. पण एक नातं एलएलडीपीला दिसत नाही: विजेचं. रॅकमधला यूपीएस त्या रॅकमधल्या प्रत्येक खोक्याचा पालक आहे, नेटवर्कच्या नकाशात तो मात्र कुठल्यातरी अॅक्सेस पोर्टवर लटकलेलं पान. ती जोड नेटबॉक्समधल्या रॅकच्या नोंदीवरून घेतली. आता यूपीएसची ‘आउटपुट कुठून’ ही स्थिती दर मिनिटाला पाहिली जाते. तिथे ३ असलं की नेहमीचं, ५ आलं की बॅटरी. ५ आल्यावर जो अलर्ट जातो त्यात रॅकचा क्रमांक आणि त्या रॅकवर अवलंबून असलेल्या पहिल्या स्तराच्या उपकरणांची नावं असतात.

दोन-तीन गोष्टी पटकन उरकतो. वायफायचे अॅक्सेस पॉइंट एकेकटे पोल करणं आम्ही बंद केलं. त्यांची खबर कंट्रोलरकडे असते, तिथूनच घ्यावी. छपाईयंत्रं मॉनिटरिंगमधून काढली नाहीत, पण त्यांचे अलर्ट नेटवर्कच्या लोकांकडे येत नाहीत. आणि ‘रीस्टार्ट झालं’ या अलर्टसाठी निव्वळ सिसअपटाइमवर (किती वेळ चालू आहे ते सांगणाऱ्या मूल्यावर) विसंबू नये. तो ३२ बिटांचा, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा काउंटर आहे आणि सुमारे ४९७ दिवसांनी आपणहून शून्यावर येतो. मग रीस्टार्ट झाल्याचा आळ सर्वांत स्थिर उपकरणांवरच येतो.

‘इतर’ हा गट ठेवायचा की नाही, यावर बराच खल झाला. काढून टाकला तर लोक उपकरणं कुठल्याही गटात दडपतात. म्हणून ठेवला, पण नाव बदलून ‘न ठरलेलं’ केलं, आणि त्याचं डीफॉल्ट टेम्पलेट फक्त पिंग न ठेवता उलट कडक केलं: न ठरलेलं उपकरण बंद पडलं की मधल्या स्तराचा अलर्ट. त्रास झाला की कोणीतरी वर्गवारी करतंच.

एक प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, तो वैद्यकीय यंत्रांचा. स्कॅनर, मॉनिटर, तपासणीची यंत्रं नेटवर्कवर आहेत, पण त्यांच्यावर एसएनएमपी चालू करायला किंवा स्कॅनिंग लावायला पुरवठादारांची ना असते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. रुग्णाला जोडलेल्या यंत्राला कोणी अनोळखी पॅकेट पाठवू नयेत. सध्या त्यांच्यासाठी ‘पोर्टवरून पाहायची’ असा प्रकार केला आहे. यंत्राला हात न लावता ते ज्या स्विचच्या पोर्टवर आहे त्या पोर्टची स्थिती, वेग आणि त्रुटींची संख्या पाहायची. यंत्र लटकलं पण केबल जिवंत असेल तर हे फसतं. आणि यंत्र दुसऱ्या खोलीत नेऊन दुसऱ्या पोर्टवर लावलं तर नोंद चुकते. त्यासाठी स्विचच्या मॅक तक्त्यातून (कुठल्या पोर्टवर कुठलं यंत्र याची स्विचकडची नोंद) यंत्राचा पत्ता शोधून पोर्टची नोंद रोज पडताळली जाते. फिरत्या ट्रॉलीवरच्या, वायफायवर चालणाऱ्या यंत्रांना यातलं काहीच लागू पडत नाही. ती अजून ‘न ठरलेलं’ मध्येच आहेत.